ब्रेकला वारा

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



घाटातल्या अपघाताची बातमी वर्तमानपत्रात येते, तेव्हा त्यात एक वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं. 'ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा गाडीवरील ताबा सुटला.' हे वाक्य वाचलं की आपण पान उलटतो. दोषी सापडलेला असतो. मीही हे वाक्य एकदा वापरलं आहे, तेही माझ्या सख्ख्या बहिणीशी फोनवर बोलताना. ते अगदीच खोटं नव्हतं; पण ते खरंही नव्हतं. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे. या गोष्टीत एक जुनी स्पोर्ट्स कार आहे, एक भाचा आहे, आणि तीन इंच व्यासाचे दोन पाइप आहेत.

साल २००४. नोकरीनिमित्त मी तेव्हा इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला राहत होतो. कोव्हेंट्री हे मोटारींचं गाव. इचलकरंजीत जसं घरटी कुणीतरी मागाशी जोडलेलं सापडतं, तसं तिथं घरटी कुणीतरी मोटार कारखान्यातून निवृत्त झालेलं. अशा गावात राहून मलाही वाण नाही पण गुण लागला. मी एक जुनी, दोन आसनांची, कापडी टपाची छोटी स्पोर्ट्स कार घेतली. सोमवार ते शुक्रवार ती ऑफिसला न्यायची आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा 'ट्रॅक डे'ला.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे आधी सांगायला हवं. शर्यतीचा ट्रॅक दिवसभरासाठी भाड्यानं घेतात आणि पैसे भरून कुणीही आपली गाडी त्यावर चालवू शकतो. वेळ मोजत नाहीत, नंबर काढत नाहीत. सकाळी सगळ्यांना बसवून नियम सांगतात. कुठल्या बाजूनं ओव्हरटेक करायचं, कुठला झेंडा दिसला की काय करायचं, हेल्मेट सक्तीचं, गाडीचा आवाज मर्यादेत हवा. मग वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या. आपल्याकडेही आता चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर आणि ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर असे दिवस होतात. रस्त्यावर जो वेग गुन्हा आहे, तो इथं कुणाच्या जिवाला धोका न देता अनुभवता येतो. निदान कल्पना तरी तशी आहे.

माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर डॉनिंग्टन पार्क हा ट्रॅक होता. शर्यतींची आवड असणाऱ्यांना तो ठाऊक असेल. १९९३ च्या युरोपियन ग्रां प्रीमध्ये आयर्टन सेनानं भर पावसात पहिल्याच फेरीत चार गाड्या मागे टाकल्या, तो हाच ट्रॅक. पिटसमोरच्या सरळ रस्त्याच्या शेवटी उजवीकडे एक मोठं वळण आहे, त्याचं नाव रेडगेट. माझी गाडी तिथं पोचायची तेव्हा काटा ताशी १६० किलोमीटरच्या आसपास असायचा, आणि वळण घ्यायला तो ८० च्या घरात आणावा लागायचा.

त्या जूनमध्ये माझा भाचा, म्हणजे ताईचा मुलगा, सुट्टीत आला होता. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच देऊन आलेला, वय वीस. त्याला घेऊन मी डॉनिंग्टनला गेलो. खरं सांगतो, मला मामाची ऐट दाखवायची होती. पहिल्या दहा मिनिटांत ती दाखवूनही झाली. पोरगा खूश होता. मग पिटसमोरून जाताना मला जाणवलं, की ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा जरा खाली जातंय. पुढच्या फेरीत आणखी थोडं खाली गेलं. काहीतरी करपल्याचा वासही आला. तेव्हाच वेग कमी करून आत यायला हवं होतं. पण पाळी संपायला तीन-चार मिनिटं उरली होती. मी मनात म्हटलं, एक फेरी अजून.

त्या फेरीत रेडगेटला मी ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. ओल्या स्पंजवर पाय द्यावा तसं वाटलं. दुसऱ्यांदा दाबला, तिसऱ्यांदा दाबला, तेव्हा कुठं थोडा धरला. तोवर वळण निघून गेलं होतं. गाडी सरळ गेली, गवतावरून घसरली आणि वळणाबाहेर गाड्या अडवण्यासाठी पसरलेल्या खडीत रुतून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. लाल झेंडे लागले, सगळ्यांच्या गाड्या थांबल्या आणि आमची गाडी ट्रॅक्टरनं ओढून काढली. भाचा आधी हसला, मग गप्प झाला.

संध्याकाळी पुण्याला फोन लावला. ताईला म्हटलं, "काही नाही गं, जरा ब्रेक फेल झाले आणि गाडी खडीत गेली. कुणाला काही लागलं नाही." ताई म्हणाली, "विकून टाक ती गाडी." रात्री जेवताना भाचा म्हणाला, "मामा, पेडल आधीपासूनच खाली जात होतं ना? तू दोनदा पायाकडे बघितलंस." मी उत्तर दिलं नाही. भात वाढून घेतला.

आता थोडं शास्त्राकडे वळू या. ब्रेक करतो काय? आपण म्हणतो, ब्रेक वेग मारतो. पण वेगात जी ऊर्जा असते ती मरत नाही, तिची उष्णता होते. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते. कॅलिपर नावाचा चिमटा दोन्ही बाजूंनी पॅड दाबून तिला पकडतो आणि घर्षणानं गाडीची गती चकतीतली उष्णता बनते. माझी गाडी, आम्ही दोघं आणि पेट्रोल मिळून ११०० किलो धरा. १६० वरून ८० वर यायचं म्हणजे साधारण ८ लाख जूल उष्णता. कारण वेग अर्धा झाला की ऊर्जा निम्मी होत नाही, एक चतुर्थांश उरते. बाकीचे तीन हिस्से ब्रेकच्या अंगावर येतात. ८ लाख जूल म्हणजे किती? स्वयंपाकघरात अडीच लिटर पाणी गॅसवर ठेवून उकळी येईपर्यंत जेवढी उष्णता त्यात जाते, तेवढी. गॅसवर त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. ट्रॅकवर हे तीन-चार सेकंदांत उरकतं.

ब्रेक दाबताना गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे यातला बहुतेक वाटा पुढच्या दोन चकत्या उचलतात. एकेक चकती चार-पाच किलोची. ढोबळ हिशेबानं दर ब्रेकला प्रत्येक चकतीचं तापमान शंभर-सव्वाशे अंशांनी चढतं. रस्त्यावर त्याचं काही बिघडत नाही. सिग्नलला ब्रेक लावला, पुढे दोन किलोमीटर गेलात, चकती निवते. ट्रॅकवर मात्र पंधरा-वीस सेकंदांनी पुढचं वळण हजर. आधीची उष्णता गेलेली नसते, तिच्यावर नवी चढते. पगार महिन्याला आणि खर्च रोजचा, तसलाच हा प्रकार.

चकती अशी तापत गेली की दोन गोष्टी होऊ शकतात आणि त्या दोन्हींची लक्षणं वेगळी आहेत. पहिली पॅडची. पॅडमधली भुकटी राळेसारख्या पदार्थानं बांधलेली असते. ती फार तापली की तिच्यातून वायू सुटतात, आणि पॅड व चकती यांच्यामधली पकड जाते. अशा वेळी पेडल पायाला घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही. दुसरी ब्रेकच्या तेलाची. गॅरेजमध्ये आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो, ते पायाचा जोर कॅलिपरपर्यंत पोचवतं, कारण द्रव सहज दबत नाही. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं आणि तशी त्याची उकळी खाली येते. डॉट ४ या प्रतीचं तेल कोरडं असेल तर निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. ओल धरलेल्या तेलासाठी हाच आकडा १५५ आहे. तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दबतो, पेडल तळाला जातं. माझं हेच झालं होतं. गाडी घेतल्यापासून मी तेल बदललंच नव्हतं. दोष गाडीचा नव्हता.

म्हणून पहिलं काम तेलाचं. जुनं काढून नवीन, जास्त तापमान सोसणारं तेल भरलं आणि नळ्यांतली हवा काढली. दुसरं, ट्रॅकवरच्या तापमानाला टिकणारे पॅड घातले. पण उष्णता जिथल्या तिथंच होती. तेल आणि पॅड बदलून मी तिला सोसण्याची ताकद वाढवली, तिला घराबाहेर काढण्याची वाट केली नव्हती. ती वाट म्हणजे वारा.

ब्रेक आणि उष्णता यांचं भांडण जुनं आहे. पूर्वी गाड्यांना ड्रम ब्रेक असत. आपल्या स्कूटरच्या चाकात असायचे तसेच, बंद डब्यासारखे. डब्यातली उष्णता डब्यातच कोंडते. १९५३ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली ती कोव्हेंट्रीच्याच जॅग्वारनं, आणि तिला डंलॉपचे डिस्क ब्रेक होते. उघडी चकती, वाऱ्यात फिरणारी. १९५५ साली त्याच शर्यतीत मर्सिडीजच्या गाड्यांना ड्रम ब्रेकच होते. तेव्हा ब्रेकवरचा भार हलका करण्यासाठी त्यांनी गाडीच्या पाठीवर एक मोठं झाकण बसवलं होतं. वळणाआधी ते उभं व्हायचं आणि वाऱ्याचाच ब्रेक लागायचा. आजच्या फॉर्म्युला वनच्या चकत्या कार्बनच्या असतात, त्यांचं तापमान हजार अंशांपर्यंत जातं, आणि वारा खेळावा म्हणून एकेका चकतीत हजाराहून अधिक बारीक भोकं पाडलेली असतात. सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी.

माझ्या गाडीसाठी उपाय साधा होता. बंपरला पुढून तोंड पाडायचं, तिथून एक पाइप चाकापर्यंत न्यायचा आणि धावत्या गाडीला समोरून मिळणारा वारा ब्रेकवर सोडायचा. भाच्यानं कागदावर हिशेब केला. तीन इंची पाइप, ताशी १२० चा वेग, म्हणजे कमाल धरली तर सेकंदाला दीडशे लिटरच्या आसपास हवा. पाइपच्या वळणांत आणि खरबरीत अंगात त्यातली पुष्कळ वाया जाते, पण उरलेलीही काही कमी नाही. उष्णता सोसणारा, आत तारेचं वेटोळं असलेला पाइप आणला. बंपरमध्ये फॉग लॅम्पसाठी ठेवलेल्या रिकाम्या जागा होत्या, तिथं तोंडं बसवली. ही जागा बरी, कारण गाडीच्या नाकासमोर हवा साचते, तिचा दाब जास्त असतो आणि ती वाट मिळेल तिथं घुसते. दुसरं टोक स्टेनलेस स्टीलच्या क्लिपांनी आणि प्लॅस्टिकच्या टायनी असं बांधलं, की वारा थेट चकतीच्या कडेवर बसेल. एका शनिवार-रविवारचं काम. दोघंही स्वतःवर खूश.

जुलैत पुन्हा डॉनिंग्टन. या वेळी भाच्याला मी गाडीत घेतलं नाही, त्यानंही आग्रह केला नाही. तो पिटमध्ये वही घेऊन बसला. तापमान मोजायला आम्ही चकतीच्या कडेला तीन रंगांचे पट्टे ओढले होते. हे खास रंग असतात. हिरवा साधारण ४३० अंशांना पांढरा पडतो, नारिंगी ५६० ला पिवळा होतो आणि तांबडा ६१० ला पांढरा पडतो. गाडी थांबल्यावर पट्टे बघायचे की चकती कुठवर तापली ते कळतं. भाचा म्हणाला, "मामा, सकाळी पाइपांची तोंडं चिकटपट्टीनं बंद ठेव. नाहीतर तुलना कशाशी करणार?" पोरगं शिकलेलं होतं. सकाळी तोंडं बंद, तिन्ही रंग उडाले. चकत्या निवल्यावर नवे पट्टे ओढले. दुपारी तोंडं उघडी. पुन्हा तिन्ही रंग उडाले. आणि डावा पाइप वळणावर टायरला घासून फाटला होता.

भाचा सुट्टी संपवून पुण्याला गेला. मी शेजारच्या आजोबांकडे गेलो. ते निवृत्त टूलमेकर, मागच्या अंगणातल्या शेडमध्ये त्यांचा स्वतःचा लेथ. त्यांनी माझी एक जुनी चकती मागितली. गाडीची पुढची चकती भरीव नसते. दोन थरांची असते आणि मध्ये पात्यांसारख्या भिंती असतात. आजोबांनी ती लेथच्या चकमध्ये धरून फिरवली आणि म्हणाले, धूर होईल असं काहीतरी आण. मी घरून देवापुढची उदबत्ती आणली. त्यांनी ती चकतीच्या मधल्या भोकाशी धरली. धूर सरळ आत ओढला गेला आणि कडेनं चहूबाजूंनी बाहेर फेकला गेला. मग त्यांनी उदबत्ती कडेशी धरली. तिथं धूर चकतीपासून लांब ढकलला जात होता. ते एवढंच म्हणाले, "हा पंखा आहे. पंख्याला वारा कुठून द्यायचा?"

माझी चूक तिथं उमगली. चकती स्वतःच मध्यातून हवा ओढून कडेनं टाकत होती आणि मी कडेवरच वारा मारत होतो. दोन वारे समोरासमोर भांडत होते. शिवाय असा वारा चकतीच्या एकाच अंगावर बसला तर एक बाजू निवते, दुसरी तापलेलीच राहते आणि चकती वाकडी होण्याचा धोका. चकतीच्या मागे चिखल-पाणी अडवायला पत्र्याचं एक कवच असतं. आजोबांच्या मदतीनं त्याऐवजी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची नवी ढाल केली. तिला गळा बसवला आणि पाइपचं तोंड चकतीच्या मध्याशी आणून सोडलं. पाइपला कमीत कमी वळणं दिली. गाडी जॅकवर चढवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवलं, चाक वर-खाली करून पाहिलं, कुठं काही घासत नाही ना याची खात्री केली. सगळं नीट बसायला ऑगस्ट गेला.

सप्टेंबरमध्ये मी एकटाच गेलो. सकाळी तोंडं बंद. तिन्ही रंग उडाले. दुपारी तोंडं उघडी. वीस मिनिटं तशीच चालवली, शेवटची एक फेरी ब्रेक न लावता सावकाश, चकत्या निवाव्यात म्हणून. आत आलो, गाडी गिअरमध्ये ठेवली. तापलेल्या चकत्यांवर हँडब्रेक ओढायचा नसतो, पॅड तिथंच दाबून राहतात. खाली वाकून बघितलं. हिरवा गेला होता, नारिंगीही गेला होता. तांबडा तांबडाच होता, दोन्ही चाकांना. पेडल पहिल्या फेरीत होतं तिथंच शेवटच्या फेरीत लागत होतं. एवढ्यासाठी तीन महिने घातले, यावर कुणी हसेल तर हसो. मी त्या तांबड्या पट्ट्याकडे बराच वेळ बघत होतो.

त्या रात्री ताईला फोन लावला. कॉलिंग कार्डाचे दिवस होते, मिनिटं मोजून बोलायचं. पाइपांचं कौतुक सांगायचं ठरवलं होतं, पण बोललो वेगळंच. म्हटलं, "ताई, जूनमध्ये ब्रेक फेल झाले म्हणालो ना, ते तसं नव्हतं. पेडल दोन फेऱ्या आधीपासून खाली जात होतं. मला कळत होतं. तरी मी थांबलो नाही." ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याला सांगितलंस हे?" मी म्हटलं, "त्याला तेव्हाच कळलं होतं." ताई म्हणाली, "तरी सांग." दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तांबड्याचं काय झालं ते आधी सांग."

एक पुरवणी जोडतो, नाहीतर वाटेल की वारा जितका जास्त तितकं चांगलं. पुढच्या मार्चमध्ये कडाक्याच्या थंडीत, पावसात ट्रॅकवर गेलो. पाइप उघडेच होते. पहिल्या वळणाला ब्रेक लावला तर गाडी नाखुशीनं थांबली. ट्रॅकच्या पॅडना पकड यायला ऊब लागते आणि मी त्यांना गारठवून टाकलं होतं. मग तोंडाचा अर्धा भाग चिकटपट्टीनं बंद केला आणि गाडी शहाण्यासारखी वागायला लागली. मोठमोठे शर्यतीचे संघही हेच करतात. ट्रॅक आणि हवामान बघून वाऱ्याची तोंडं लहान-मोठी ठेवतात. रोजच्या रस्त्यावर तर मी ती बंदच ठेवायचो, कारण वाऱ्याबरोबर खडे आणि पाणीही आत येतं. तेव्हा ही गोष्ट ऐकून कुणी उद्या आपल्या गाडीच्या बंपरला भोकं पाडायला जाऊ नये. रस्त्यावरच्या गाडीला त्याची गरज नाही, आणि गाडीत फेरफार करण्याला कायद्याचीही बंधनं आहेत. ट्रॅकवर जाणाऱ्यांनीही क्रम लक्षात ठेवावा. आधी ताजं तेल, मग योग्य पॅड, मग पाय वापरण्याची शिस्त आणि त्यानंतर पाइप.

मग ट्रॅकवर कधीही न जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी यातून काय घ्यायचं? घाट. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना आपण सुमारे अर्धा किलोमीटर खाली येतो. माणसं आणि सामान धरून दीड टनाची गाडी तेवढं उतरली की ७० लाख जूलांहून जास्त ऊर्जा मोकळी होते. रेडगेटच्या एका ब्रेकच्या नऊपट. यातला थोडा वाटा वारा आणि टायर घेतात, बाकीचा कुणीतरी घ्यायलाच हवा. उतारावर गाडी न्यूट्रल करून ब्रेकवर पाय ठेवून बसलं, की तो सगळा ब्रेकच्या वाट्याला जातो. पेट्रोल वाचतं या समजुतीनं अजूनही लोक असं करतात. वेग कमी, म्हणजे वाराही कमी. ट्रॅकवर मला निदान समोरून वारा मिळत होता. मालानं भरलेल्या ट्रकचा हिशेब तुम्हीच करा. म्हणून खालचा गिअर. तो घातला की इंजिन गाडीला मागे धरतं, बराचसा भार ते पेलतं आणि ब्रेकला मधूनमधून सुट्टी मिळते. ब्रेक सतत चाटत ठेवण्यापेक्षा मोजका, ठाम लावावा आणि सोडावा. सोडलेल्या वेळातच तो निवतो. करपल्याचा वास आला, पेडल खाली जाऊ लागलं, किंवा पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही असं झालं, तर गिअर उतरवून वेग कमी करावा, सुरक्षित जागा बघून बाजूला थांबावं आणि अर्धा तास जाऊ द्यावा. चाकांवर पाणी ओतू नये; तापलेल्या लोखंडाला ते सोसत नाही. आणि ब्रेक ऑइल गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या मुदतीत बदलावं. गाडी कमी चालली असली तरीही. ओल किलोमीटर मोजत नाही.

ती गाडी मी इंग्लंड सोडताना विकली. पाइप काढून शेजारच्या आजोबांना दिले. गेल्या पावसाळ्यानंतर ताई, भाचा, त्याची बायको, मुलगी आणि मी, असे सगळे वरंध घाटानं महाडकडे उतरत होतो. भाचा चालवत होता. उतार सुरू झाला तसा त्यानं न सांगता दुसरा गिअर घातला. इंजिनचा आवाज वाढला. मागून त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, गाडी ओरडतीय." तो म्हणाला, "ओरडू दे. ब्रेकचं काम करतीय ती." ताई खिडकीतून दरी बघत होती. माझं लक्ष, सवयीनं, त्याच्या पायाकडे होतं.